टार धुऊ नका, जाळा: जैवऊर्जा योजनांचे निकष लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जैवऊर्जा योजनांचे निकष ठरवणारे अधिकारी,
नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, नवी दिल्ली,
आणि महाऊर्जा, पुणे

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाचा पहिला टप्पा २०२१-२२ ते २०२५-२६ असा आखला होता. त्याची घोषणा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली, तरतूद होती ८५८ कोटींची. त्या कागदांमध्ये गॅसिफायरच्या, म्हणजे लाकूड-काडीकचऱ्यापासून जळणारा गॅस करणाऱ्या यंत्राच्या, वाट्याला दोन-तीन ओळीच आल्या आहेत. पुढच्या टप्प्यात याच ओळी जशाच्या तशा उतरवल्या जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

ओळी अशा आहेत. गॅसिफायरच्या गॅसवर शंभर टक्के चालणारं इंजिन लावून वीज केली तर दर किलोवॅटमागे १५,००० रुपये अनुदान. डिझेल आणि गॅस अशा दुहेरी इंधनावर चालणारं इंजिन असेल तर दर किलोवॅटमागे २,५००. आणि गॅस नुसता उष्णतेसाठी जाळला तर दर ३०० किलोवॅट उष्णतेमागे २ लाख. आता १०० किलोवॅट वीज करायला लागतो तेवढा गॅस देणारा गॅसिफायर घ्या. गॅस-इंजिन जोडलंत तर मालकाला १५ लाख मिळणार. त्याच गॅसिफायरला बर्नर जोडून भट्टी तापवलीत तर जेमतेम ३ लाख. इंजिन महाग असतं म्हणून आकडा मोठा, हे मला कळतं. पण ज्याच्या खिशात पैसा येतो तो असा विचार करत नाही. तो इंजिन घेतो.

आणि लहान गॅसिफायरचं इंजिन टारमुळे, म्हणजे गॅसबरोबर येणाऱ्या डांबरासारख्या चिकट पदार्थामुळे, मरतं. हे तुमच्या फायलीत कुठंतरी असेलच, पण निकषांत मला ते दिसलं नाही.

थोडं मुळापासून सांगतो, कारण निकष लिहिणाऱ्या टेबलावर बहुधा वीजवाले बसतात, भट्टीवाले नाहीत. गॅसिफायरच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या इंधनाच्या टाकीत, लाकडाचे तुकडे, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) कांड्या किंवा काडीकचरा दाबून केलेली विटकुरं टाकतात. ती खाली सरकताना आधी ओलावा उडतो. मग साधारण २५० ते ५०० अंशांच्या दरम्यान लाकडाचं विघटन होऊन दाट पिवळट धूर सुटतो. टार असतो तो याच धुरात: फिनॉल, टोल्युईन, नॅप्थलीन आणि त्यांची शेकडो भावंडं. त्याखाली मोजून-मापून हवा सोडलेली असते, तिथं तापमान १००० अंशांच्या वर जातं. डाउनड्राफ्ट, म्हणजे गॅस खालून काढणाऱ्या, गॅसिफायरची सगळी हुशारी एवढ्यात आहे की हा धूर त्या तापलेल्या पट्ट्यातून आणि त्याखालच्या लालबुंद कोळशाच्या थरातूनच बाहेर पडला पाहिजे. तसं झालं की टारचे बहुतेक रेणू तुटतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हाती लागतात. बाहेर येणाऱ्या गॅसमध्ये निम्मा तर हवेतला नायट्रोजनच असतो. वीसेक टक्के कार्बन मोनॉक्साइड, त्याच्या आगेमागे हायड्रोजन, किंचित मिथेन. एका घनमीटरमध्ये ५ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा, म्हणजे नैसर्गिक वायूतल्या ऊर्जेचा सातवा हिस्सा.

चांगल्या डाउनड्राफ्टमधून निघणाऱ्या कच्च्या गॅसमध्ये घनमीटरमागे एक ग्रॅमच्या आतबाहेर टार राहतो. अपड्राफ्टमध्ये गॅस वरून निघतो, धूर तापलेल्या पट्ट्यातून जातच नाही, म्हणून तिथं ५० ग्रॅम आणि त्याहून जास्त. इंजिनाला चालतो किती? १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी, आणि धूळ ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे उत्तम गॅसिफायर, उत्तम लाकूड आणि उत्तम माणूस असूनही दहातले नऊ हिस्से टार नंतर वेगळा काढावाच लागतो.

काढायचा कसा, इथं खरी गोम आहे. गॅस ३५० ते ४०० अंशांच्या वर असेपर्यंत टार वाफेच्या रूपात गुपचूप वाहत राहतो. इंजिनाला मात्र गॅस थंड, ४० अंशांच्या आसपास लागतो, नाहीतर सिलिंडरमध्ये पुरेसा मावत नाही आणि ताकद कमी पडते. मधल्या उतारावर टारचे थेंब होतात, त्यांना धूळ चिकटते आणि सायक्लोन (गॅस गरगर फिरवून धूळ पाडणारं भांडं), नळी, व्हॉल्व्ह, ब्लोअरची पाती, जिथं जागा मिळेल तिथं राड बसते. कापडी फिल्टर लावला तर तो तासाभरात चोंदतो. म्हणून पाण्याचा फवारा. पाण्यानं धूळ जाते, फिनॉलसारखे विरघळणारे पदार्थ जातात, पण नॅप्थलीनसारखे पाण्याला दाद न देणारे पुढं सटकतात आणि थंड जागा मिळाली की पांढऱ्या खड्यांसारखे जमतात.

एका ठिकाणी, गावाचं आणि मालकाचं नाव घेत नाही, मला दुहेरी इंधनाचं इंजिन बघायला बोलावलं होतं. सकाळी चालू करताना मोठा टक् आवाज झाला आणि एक सिलिंडर गेला, अशी तक्रार. हेडचं झाकण काढलं तर एक पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारा दांडा, वाकलेला. इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे गॅस आणि हवा आत नेणाऱ्या नळीच्या, आत बोट फिरवलं. काकवीसारखा तांबूस-काळा थर बोटाला आला, तुटता तुटेना. इनटेक व्हॉल्व्हचा दांडा गाइडमध्ये घट्ट बसलेला, थंड असताना हातानं हलत नव्हता. रात्री इंजिन गरम असताना टार मऊ होता, सकाळपर्यंत तो आवळून बसला. स्टार्टर मारल्यावर कॅम ढकलतोय आणि व्हॉल्व्ह उघडत नाही, मग वाकायचं कुणी? पुशरॉडनं. तिथल्या ऑपरेटरला रोग माहीत होता. बंद करण्याआधी दहा मिनिटं गॅस तोडून नुसत्या डिझेलवर चालवायचं, म्हणजे व्हॉल्व्ह धुतले जातात, हे त्याचं स्वतःचं शहाणपण. पुढं पुढं दहाची वीस झाली, वीसची तास. रजिस्टरमध्ये मात्र सत्तर टक्के डिझेल बचत लिहिलेली होती. पोराला मी काही बोललो नाही. अनुदानाचा अहवाल त्या आकड्यावर अवलंबून आहे, असं त्याला सांगितलेलं होतं.

त्याच शेडच्या मागं विटांचं टाकं होतं, स्क्रबरचं, म्हणजे गॅस धुणाऱ्या फवाऱ्याचं, पाणी फिरवायला. पाणी चहाच्या रंगाचं, वर तेलकट तवंग, आणि वास दवाखान्यातल्या जुन्या कार्बोलिक फिनाइलचा. हे पाणी बंद चक्रात फिरतं असं कागदावर असतं. फिरतंही, पण दिवसागणिक दाट होत जातं आणि एक दिवस कुणीतरी पंप लावून ते नाल्यात सोडतं. भुश्शाचा फिल्टर भरला तर तो वाळवून गॅसिफायरमध्येच जाळता येतो, तो प्रश्न नाही. पाण्याचं मात्र काय करायचं, याला पैसे कुठल्याच अंदाजपत्रकात मी पाहिलेले नाहीत. हवा स्वच्छ करण्याच्या योजनेतून विहीर घाण करायची, हा व्यवहार मला पटत नाही.

यावर तुमच्याकडून एक उत्तर येईल: तंत्रज्ञान उपलब्ध आहे. आहे ना. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठानं दोन टप्प्यांचा ‘वायकिंग’ गॅसिफायर केला, त्यात धूर काढणं वेगळ्या भांड्यात आणि तो जाळून कोळशाच्या थरातून नेणं वेगळ्या, आणि टार जवळजवळ शून्यावर आणला. नेदरलँड्सच्या ऊर्जा संशोधन केंद्रानं पाण्याऐवजी तेलानं गॅस धुण्याची पद्धत काढली. ऑस्ट्रियातल्या ग्युसिंगला ८ मेगावॅट इंधन-क्षमतेचा प्रकल्प होता, तिथं मोहरीच्या जातीच्या रेपसीड तेलापासून केलेल्या बायोडिझेलनं टार धुवायचे आणि ते टारनं माखलेलं बायोडिझेल परत प्रकल्पाच्याच भट्टीत जाळायचे. नाल्याला काही जात नव्हतं. निकेल आणि डोलोमाइटच्या उत्प्रेरकांवर ८००-९०० अंशांना टार तोडता येतो, तेही खरं. पण ग्युसिंगला चोवीस तास शिकलेली माणसं होती, शेजारी उष्णता विकत घेणारं गाव होतं आणि विजेला बांधून दिलेला चढा दर होता. तो दर संपल्यावर २०१६ मध्ये प्रकल्प बंद झाला. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा २० मेगावॅटचा बायोमिथेन प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या चालला, पण हिशेबात बसेना, २०१८ मध्ये थांबवला. हे सगळं साठ किलोवॅटच्या इंजिनाला जोडून ते एका आयटीआय झालेल्या मुलाच्या हवाली करायचं, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ते सहा महिने स्वतः चालवून दाखवावं.

दुसरी गोष्ट कमी भाराची, आणि ती मला टारहूनही मोठी वाटते, कारण टार तिथूनच वाढतो. गॅसिफायर पूर्ण भारावर असतो तेव्हा तापलेला पट्टा नीट तापलेला असतो. गावात संध्याकाळी दिवे, पंखे आणि टीव्ही एवढाच भार. गॅस कमी ओढला जातो, हवा कमी आत येते, पट्टा थंडावतो, मधेमधे काळे कोपरे राहतात आणि धूर न तुटता बाहेर पडतो. विक्रेत्याची चाचणी नेहमी पूर्ण भारावर आणि वाळक्या, एकसारख्या कापलेल्या लाकडावर होते. गावातला गॅसिफायर तीस टक्के भारावर आणि पावसात भिजलेल्या बाभळीवर चालतो. पांढऱ्या कापडाची चिंधी गॅसच्या टेस्ट नळीवर दोन मिनिटं धरा. चाचणीच्या दिवशी पिवळसर डाग येईल, श्रावणात तपकिरी.

इतिहासही हेच सांगतो. १९८७ पासून देशभर पाणी उपसायच्या ५ अश्वशक्तीच्या गॅसिफायर संचांना अनुदान मिळालं. शेतकऱ्यानं सवलतीतलं डिझेल इंजिन वापरलं आणि गॅसिफायर गोठ्यामागं टाकला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं कर्नाटकातल्या होसहळ्ळी गावात १९८८ पासून उघड्या तोंडाचा डाउनड्राफ्ट चालवून दाखवला, तो खरोखर चालला, पण त्यामागं संस्थेची माणसं उभी होती. सुंदरबनातल्या गोसाबा बेटावर १९९७ मध्ये १०० किलोवॅटचे पाच संच बसले. बिहारमध्ये २००७ मध्ये भाताच्या तुसावर वीज करणारी हस्क पॉवर सुरू झाली, जगभर तिचं कौतुक झालं, आणि तीच कंपनी पुढं सौरऊर्जेकडे वळली. सौर पॅनेल इतके स्वस्त झाल्यावर दिव्यासाठी लाकूड तोडत, वाळवत, कापत बसायचं कशाला? गावच्या विजेचा प्रश्न सौरऊर्जेनं आणि महावितरणच्या तारांनी घेतला, गॅसिफायरनं त्यात आता रमू नये.

उरते उष्णता. तिथं मात्र गॅसिफायरला तोड नाही, कारण तिथं टार हा कचरा नसून इंधन आहे. गॅस थंडच करायचा नाही. गॅसिफायर भट्टीला खेटून बसवायचा, गरम सायक्लोनमधून धूळ पाडायची आणि ४०० अंशांच्या वरचा गॅस थेट बर्नरला द्यायचा. टार वाफेच्या रूपात येतो आणि ज्वाळेत जळून जातो. स्क्रबर नाही, टाकं नाही, तपकिरी पाणी नाही. गॅस थंड करून धुतला की लाकडातल्या ऊर्जेचा पंचवीस-तीस टक्के भाग वाटेत जातो; गरम वापरला तर गॅसची स्वतःची ऊब आणि टारमधली ऊर्जा दोन्ही भट्टीत पोचतात. ढोबळ मानानं ३ ते ४ किलो वाळलेलं लाकूड एक किलो एलपीजीची जागा घेतं. ज्याच्या कारखान्यात रोज व्यावसायिक सिलिंडर रिकामे होतात त्याला यापुढचा हिशेब मी सांगायची गरज नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हे नव्वदच्या दशकातच दाखवलं होतं. त्यांनी घेतलं काय, तर उसाचं पाचट. हलकं, फुगीर, हॉपरमध्ये अडकून बसणारं, कुठलाही डाउनड्राफ्टवाला नाक मुरडेल असं इंधन. ते त्यांनी गॅसिफायरमध्ये चालवलं आणि गॅस कारखान्यातल्या भट्टीसाठी वापरला. आज पश्चिम महाराष्ट्रात तोडणी झाली की पाचट पेटवून देतात आणि शेजारच्याच एमआयडीसीत फर्नेस ऑइल जाळतात. या दोन गोष्टींच्या मध्ये एक नळी टाकायला तीस वर्षं लागू नयेत.

कुठं लावायचा, याबद्दल मात्र मी उत्साही लोकांशी भांडतो. गुऱ्हाळाला गॅसिफायर सुचवणारे भेटतात. गुऱ्हाळात चिपाड घरचंच असतं आणि चुलवाण्या ते डोळे मिटून टाकतो. तिथं चुलवण आणि धुराडं सुधारलं तर पुरे. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हाही काहींनी गॅसिफायरचं नाव घेतलं. दाट वस्तीत, पाइपचा गॅस दारात असताना, वीस टक्के कार्बन मोनॉक्साइड तयार करणारं यंत्र? मी नाही बसवणार. पण ॲल्युमिनियम वितळवणारे (६६० अंशांचं काम), उष्णतोपचाराच्या भट्ट्या, कापड प्रक्रियेतले थर्मिक फ्लुइड हीटर (तेल तापवून उष्णता पोचवणारे), काजू भाजणं आणि वाळवणं, मसाले आणि रेशीम, यांना जागा असते, भार दिवसभर एकसारखा असतो, आणि डिझेल किंवा गॅसचं बिल दुखतं. भार एकसारखा असणं हे मी मुद्दाम सांगतोय. गॅसिफायरला तोच मानवतो.

गरम गॅसची पद्धत सोपी आहे असंही मी म्हणत नाही. नळी चार-पाच मीटरपेक्षा लांब नको, वर सिरॅमिक वूल हवी, प्रत्येक वळणावर साफ करायचं दार हवं; लांब नळी टाकून काटकसर केली की आठवड्यात ती आतून बंद. ब्लोअर गॅसच्या वाटेत ठेवला तर टार त्याची पाती खातो. म्हणून हवा मागून ढकलतात, आणि मग गॅसिफायरच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो. इंधन टाकायला झाकण उघडलं की गॅस माणसाच्या तोंडावर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टारच्या धुराला असतो, त्यावर विसंबून राहणारे ऑपरेटर मी पाहिलेत, आणि चांगला चाललेला गॅसिफायर धूरच करत नाही. दुहेरी झडपेचा हॉपर आणि भिंतीवर वाजणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म या दोन गोष्टी नसतील तर अनुदानाचा एक रुपयाही देऊ नये. अलार्म काही हजारांत येतो.

तर मागणी अशी. उष्णतेच्या आणि विजेच्या अनुदानातली दरी उलटी करा, निदान बुजवा. आणि पैसे बसवलेल्या किलोवॅटवर देऊ नका, चाललेल्या तासांवर द्या. निम्मी रक्कम वर्षभरानंतर, तासमापक, लाकडाचा काटा आणि वाचलेल्या डिझेल-एलपीजीची बिलं बघून. ज्यांना इंजिनच हवं आहे त्यांना नाही म्हणू नका, पण त्यांच्या गॅसची टार-चाचणी विक्रेत्यानं नव्हे, त्रयस्थ प्रयोगशाळेनं करावी, आणि ती पूर्ण भारासोबत तीस टक्के भारावरही करावी. स्क्रबरच्या पाण्याचं काय होणार, हे अर्जातच लिहून घ्या, त्याच्या खर्चासकट. आयआयटी मुंबईत एके काळी गॅसिफायरच्या संशोधनाचं आणि चाचण्यांचं केंद्र चालत होतं. ज्ञान कुठं गेलं नाही, वापरणारे हवेत.

आणि इंधनाकडे बघा. सगळं अनुदान लोखंडाला जातं. पऱ्हाटी, तुराटी, पाचट कापायचं यंत्र, पत्र्याची कोरडी शेड, वाळवणीची जागा यांना काही मिळत नाही, आणि टारची निम्मी लढाई तिथंच हरली किंवा जिंकली जाते. ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की कुठलंही डिझाइन तुम्हाला वाचवत नाही. विदर्भात पऱ्हाटी शेताच्या कडेला पेटवतात, कारण ती उपटून, कापून, वाहून नेणं परवडत नाही. ते परवडेल असं केलंत तर कारखानदार शेतकऱ्याच्या दारात येईल. नाही केलंत तर तो सरळ रानातलं लाकूड विकत घेईल, आणि कोकणात ते आत्ताच चाललंय. तिथं गॅसिफायरचं समर्थन माझ्यासारख्यालाही करता येणार नाही.

शेवटची विनंती खर्चाची नाही. आजवर महाराष्ट्रात ज्या-ज्या गॅसिफायरला अनुदान मिळालं त्यांची यादी संकेतस्थळावर टाका: तालुका, क्षमता, वीज की उष्णता, कुठलं इंधन, आणि आज चालू आहे की बंद. बंद असेल तर कशामुळे, एका शब्दात. ती यादी निघाली तर माझ्यासारखे भट्टीवाले स्वखर्चानं जाऊन बंद पडलेले संच बघतील. त्यातल्या काहींचं इंजिन काढून गरम गॅसवर शेजारचा ड्रायर चालवता येईल, असा माझा अंदाज आहे. यादीची वाट पाहतो.

आपला,
भट्ट्या आणि बर्नर बसवणारा एक यंत्र अभियंता,
कोल्हापूर जिल्हा